एक जिवंत गायिका आणि नमुना सात

तबकडीवाल्यांनी आजवर ज्या ज्या गायकाची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायला घेतली, तो तो गायक रेकॉर्ड हातात पडायच्या आत वारला. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. दोनदा झालं असतं तर वयच झालं होतं म्हटलं असतं. पण हे सहा वेळा झालं. पाचव्या वेळेनंतर जुनी वादक मंडळी त्यांचा फोन उचलेनाशी झाली. एका ढोलवादकाच्या सुनेने तर दार अर्धंच उघडून सांगितलं, "बाबा बरे आहेत, आणि त्यांना बरंच राहायचंय."

यात तबकडीवाल्यांचा काही दोष नव्हता. धंदाच तसा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा चार उत्साही पोरांनी गिटार घेऊन एखादी रेकॉर्ड काढलेली असते. ती खपत नाही. पोरं मुकाट्याने नोकरीला लागतात. मग तबकडीवाले ती रेकॉर्ड भंगारवाल्याकडून उचलतात, लहान मुलाला घालावी तशी कोमट पाण्याने आंघोळ घालतात, यंत्रावर वाजवून तिची नक्कल करून घेतात, त्यातली खरखर एकेक करून वेचतात आणि कारखान्यातून तीनशे नव्या प्रती छापून आणतात. सोबत चार पानी माहितीपत्रक असतं, तेही स्वतः लिहिलेलं. दोनशे प्रती शौकीन लोक नेतात आणि शंभर पलंगाखाली जातात. "लोक गादीवर झोपतात," त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, "आम्ही गायकांवर झोपतो."

घरात दोन यंत्रं होती, आणि त्यांची ओळख आत्ताच करून दिलेली बरी. थोरलं यंत्र जड, परदेशी बनावटीचं. एका निवृत्त ध्वनितंत्रज्ञाने ते विकताना तबकडीवाल्यांचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "याला कुणाला हात लावू देऊ नका." तबकडीवाल्यांनी ते वीस वर्षं पाळलं. बायकोला त्याची धूळसुद्धा पुसायची परवानगी नव्हती. या यंत्रावर फक्त जुन्या, मूळ रेकॉर्डी वाजायच्या. धाकटं यंत्र म्हणजे पेटीसारखं, हातात धरून नेता येणारं. त्याची सुई जाडीभरडी, म्हणून त्यावर फक्त नव्या छापलेल्या रेकॉर्डी. जुनी रेकॉर्ड धाकट्यावर लावायची नाही, ती खरवडते. नवी थोरल्यावर लावायची नाही, सुई उगाच झिजते. असं हे काटेकोर सोवळं होतं.

आणि भिंतीवर एक पत्र होतं, चौकटीत बसवलेलं. चौथ्या गायकाच्या पत्नीचं. 'यांचा आवाज इतका शांत असू शकतो, हे मला तुमच्यामुळे कळलं.' तबकडीवाले रोज सकाळी ते वाचत. पण त्यांना खरं हवं होतं ते दुसरंच. एकदा, फक्त एकदा, एखाद्या जिवंत गायकाने नवी रेकॉर्ड ऐकावी आणि म्हणावं, "हो, हा मीच." बस्स. एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी उरलेला जन्म काढला असता.

सातवी रेकॉर्ड एका मुलीची होती. चारच गाणी. पण आवाज! खोल, संथ, जणू विहिरीच्या तळाशी बसून कुणी गातंय. पहिल्याच गाण्यात ती विचारायची, 'ब्रेक कुठे, ब्रेक कुठे, सांगा ना मला ब्रेक कुठे', आणि दर वेळी तबकडीवाल्यांचे डोळे भरून यायचे. हे असं वीस वर्षं चालू होतं. बाई कधीच गेली असणार, असं ते धरून चालले होते. इतकं दुःख घेऊन माणूस जगतो किती?

एक दिवस बायकोच्या मावशीने रेकॉर्डवरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "ही? अगं, ही आमच्या कोर्टात लघुलेखक होती. चौतीस वर्षं. ठणठणीत आहे. परवा बँकेत मॅनेजरशी भांडत होती."

तबकडीवाल्यांनी लगेच फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण पलीकडून "हॅलो" ऐकू आल्यावर तोंडातून निघालं ते हे: "तुम्ही जिवंत आहात?"

"कोण विचारतंय?" पलीकडून आवाज आला. "आणि कशासाठी?"

सगळं समजावून सांगायला अर्धा तास लागला. शेवटी बाई म्हणाल्या, "कागदपत्रं व्यवस्थित असतील तर माझी हरकत नाही."

इथपर्यंत सगळं छान होतं. मग कागदपत्रं सुरू झाली.

हक्क नोंदणी कार्यालयात तिसऱ्या खिडकीवर एक कारकून बसायचे. सहा रेकॉर्डींमुळे त्यांची चांगली ओळख झाली होती. तबकडीवाले दिसले की ते न विचारता वारसांसाठीचा नमुना पाच काढून ठेवत. या वेळीही काढला.

"पाच नको. गायिका हयात आहे."

कारकुनांनी चष्मा काढला. "हयात आहे?"

"हो!"

"अरेरे." त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "मग अवघड आहे हो. गेलेल्यांचं कसं, वारस सही करून मोकळे होतात. जिवंत माणसाला नमुना सात लागतो. अकरा वर्षांत कुणी मागितला नाही. छापलेलेच नाहीत."

"मग छापा ना."

"छापायचे तर मागणी यायला हवी."

"मी मागतोय की!"

"तुमची मागणी नमुना सातवरच करावी लागेल," कारकून हळुवारपणे म्हणाले.

चौदा महिने गेले. बाई चौऱ्याहत्तरच्या होत्या, त्या पंचाहत्तरच्या झाल्या. तबकडीवाले दर सोमवारी काहीतरी निमित्त काढून त्यांना फोन करत आणि आवाज ऐकून निःश्वास सोडत. बाईंनी एकदा विचारलंच, "तुम्ही माझी चौकशी करताय की वाट बघताय?"

तळमजल्यावर मोजणीवाले राहायचे. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, पण मोजणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. जिन्याच्या पायऱ्यांची उंची, दूधवाल्याच्या मापातली तूट, पाहुणा किती मिनिटं बसला, सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं असायचं. सल्ला न मागता द्यायचे आणि दिलेल्या सल्ल्याचं काय झालं ते विचारायलाही यायचे.

"तबकडीवाले, तुमचा क्रमच चुकतोय," ते जिन्यात अडवून म्हणाले. "आधी छापून घ्या. कागद मागाहून. नाहीतर तुमचा हिशोब काय सांगतो? सहापैकी सहा. सातवीला किती वेळ देणार?"

"असं अभद्र बोलू नका हो."

"मी बोलत नाही, आकडे बोलतात."

दुसऱ्याच दिवशी तबकडीवाल्यांनी कारखाना गाठला. तिथल्या तंत्रज्ञाने नक्कल थोडी ऐकली आणि जरा बिचकत विचारलं, "साहेब, याचा वेग बरोबर आहे ना?"

आता, वीस वर्षं या क्षेत्रात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे हेडमास्तरांना 'बाराखडी येते ना?' विचारण्यासारखं. तबकडीवाले नखशिखान्त लाल झाले. "हा वेग नाही," ते म्हणाले, "हे दुःख आहे."

तंत्रज्ञाने मान खाली घातली आणि तीनशे प्रती छापल्या.

त्याच आठवड्यात नमुना सात अखेर छापून आला. एकच पान, एकच वाक्य: 'सदर ध्वनिमुद्रणातील आवाज माझाच असून त्याच्या पुनःप्रकाशनास माझी संमती आहे.' तबकडीवाल्यांनी तो कागद, एक नवी रेकॉर्ड, धाकटं यंत्र आणि दोन स्वच्छ हातरुमाल घेतले. एक रुमाल स्वतःसाठी, दुसरा बाईंसाठी.

बाईंची खोली त्यांच्यासारखीच होती. टेबलावर एका रांगेत टोक केलेल्या चार पेन्सिली, जाडजूड शब्दकोश, भिंतीवर सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ. त्यांनी आधी रेकॉर्डकडे पाहिलंच नाही. पेन्सिल घेऊन नमुना सात वाचला.

"'आवाज माझाच असून'. हे ऐकल्याशिवाय कसं लिहून देऊ?"

"अर्थात! त्यासाठीच तर आलोय." तबकडीवाल्यांनी यंत्र लावलं, सुई ठेवली आणि रुमाल गुडघ्यावर तयार ठेवला.

ब्रेक कुठे... ब्रेक कुठे...

पहिलं गाणं संपलं. तबकडीवाल्यांचा रुमाल भिजला होता. बाईंचा घडीसकट कोरडा.

"छान गाते," बाई म्हणाल्या. "कोण आहे?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"मी नाही."

"बाई, पन्नास वर्षांच्या वर झाली. माणूस विसरतो."

"चौतीस वर्षं मी वकिलांची बडबड अक्षर न गाळता उतरवून घेतली. माझी स्वतःची चार गाणी विसरेन?" त्यांनी पेन्सिलीने रेकॉर्डकडे खूण केली. "गाणं माझंच आहे. गिटारवर माझा आतेभाऊ आहे, दुसऱ्या कडव्यात तो चुकायचा, तिथेच चुकलाय. पण ही बाई मी नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ही पंचेचाळिशीची आहे, आणि तिचं कुणीतरी गेलंय."

तबकडीवाले सुई उचलायला वाकले. तेवढ्यात बाईंनी माहितीपत्रक उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "'आयुष्याच्या वेगाने भेदरलेल्या एका स्त्रीने नियतीला घातलेली आर्त साद.' हे काय आहे?"

"ते... पहिल्या गाण्याविषयी."

"मी स्कूटर शिकत होते," बाई म्हणाल्या. "मला ब्रेक सापडत नव्हता."

नमुना सात कोराच परत आला. तबकडीवाले घरी कसे पोहोचले ते त्यांचं त्यांना माहीत. जिन्यात मोजणीवाले उभेच होते. "झाली सही?"

एरवी तबकडीवाल्यांनी त्यांना टाळलं असतं. पण खचलेला माणूस कुणालाही सांगतो. त्यांनी पायरीवर बसून सगळं सांगितलं. मोजणीवाल्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेच खरं तर भीतीदायक होतं. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "तुमची ती तबकडी मिनिटात किती वेळा फिरते?"

"तेहतीस. सगळ्या जगात तेहतीसच फिरते. तेहतीस आणि वर थोडी."

"तुम्ही मोजलंय?"

मोजायचं काय त्यात? सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी रोज तपासतं का? पण मोजणीवाले वरती आलेच. बायकोने कौतुकाने वाट करून दिली. वीस वर्षांत प्रथमच थोरल्या यंत्राजवळ परका माणूस उभा होता. त्यांनी मूळ रेकॉर्ड लावायला सांगितली, तिच्याखालच्या फिरत्या थाळीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा कपटा चिकटवला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि कपटा समोरून गेला की बोट दुमडू लागले. खोलीत फक्त ती दुःखी बाई ब्रेक विचारत होती.

"अठ्ठावीस," मोजणीवाले म्हणाले.

"परत मोजा."

"अठ्ठावीस."

तिसऱ्यांदा तबकडीवाल्यांनी स्वतः मोजलं. मोजताना मनातल्या मनात आकडे पुढे पळवायचा ते फार प्रयत्न करत होते. तरी अठ्ठावीसच भरले.

मोजणीवाल्यांनी रेकॉर्डसकट थाळी उचलली, खाली वाकून पाहिलं आणि मोटरवरच्या लहानशा पितळी चाकावर बोट ठेवलं. त्यावर साठ असा आकडा कोरलेला होता. गोष्ट साधी होती. आपल्या भिंतीतली वीज एका सेकंदात पन्नास हेलकावे घेते, काही देशांतली साठ घेते. हे यंत्र त्या साठवाल्या देशासाठी घडवलेलं. आपल्या विजेवर ते आयुष्यभर रेंगाळतच चाललं होतं, आणि गाणं रेंगाळलं की आवाज जाड होतो, सूर खाली उतरतो, स्कूटर शिकणारी पोर विधवा वाटू लागते. चाक बदललं की झालं. पण त्यासाठी कुणीतरी यंत्राला हात लावायला हवा होता.

तबकडीवाले खुर्चीत बसले ते बसलेच. आता एकेक आठवायला लागलं. रेकॉर्डच्या लेबलवर गाण्याची वेळ छापलेली असते. या गाण्याची होती दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद. त्यांच्या घड्याळात भरली तीन मिनिटं अठरा. सहाही रेकॉर्डींच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यावर त्यांनी 'जुन्या लेबल छापणाऱ्यांचा अक्षम्य निष्काळजीपणा' असा लेख लिहिला होता. चार पानी. तो तीन ठिकाणी छापून आला होता.

"अहो," बायकोने हळूच विचारलं, "मग बाकीचे सहा?"

बाकीचे सहाही याच यंत्रावरून गेले होते. एका मोठ्या समीक्षकाने त्या सगळ्यांना मिळून 'काळोख्या आवाजांची पिढी' असं नाव दिलं होतं. त्या काळच्या तरुणांच्या मनातली खिन्नता या विषयावर कुणीतरी प्रबंधही लिहीत होतं. आणि ती सगळी पिढी, ती सगळी खिन्नता, एका बोराएवढ्या चाकातून निघाली होती. तबकडीवाल्यांची नजर भिंतीकडे गेली. 'यांचा आवाज इतका शांत असू शकतो, हे मला तुमच्यामुळे कळलं.' त्यांनी उठून चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"मी तर आधीच म्हणालो होतो, तुमचा क्रम चुकतोय," मोजणीवाले जिना उतरताना म्हणाले. आधी छापा असं सांगणारेही तेच होते, हे लक्षात यायला तबकडीवाल्यांना दोन दिवस लागले.

लेथवाल्याने मापाचं नवं चाक करून दिलं. मूळ रेकॉर्ड पुन्हा वाजली. तेहतीस आणि वर थोडी, मोजणीवाल्यांनी बोटांवर मोजून खात्री केलेली. यंत्रातून एक पोर किंचाळत, हसत, धापा टाकत निघाली, तिच्यामागे आतेभावाचं गिटार टणाटण उड्या मारत. बायको हातातलं काम टाकून दारात आली. "अय्या, हे तर नाचायचं गाणं आहे!" तिचा पाय ताल धरत होता. तबकडीवाल्यांना मात्र परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं.

तरी ते पुन्हा गेले. कोरा नमुना सात, मोबाईलवर नवी नक्कल आणि पिशवीत ती चुकीच्या वेगाची छापील रेकॉर्ड, कारण पिशवीतून काढायची राहून गेली होती. रुमाल या वेळी एकच.

गाणं सुरू झालं आणि चौथ्या शब्दाला बाईंची पेन्सिल थांबली. चेहरा उजळला.

"हो," त्या म्हणाल्या. "ही मीच."

वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य तबकडीवाल्यांच्या कानावर पडलं. त्यांनी डोळे मिटले. काय करावं, हात जोडावेत की रडावं, हे ते ठरवत असतानाच बाई म्हणाल्या, "बंद करा."

"का हो?"

"केवढी घाई आहे कार्टीला! ब्रेक कुठे म्हणून विचारतेय, पण उत्तर ऐकायला थांबते कुठे?" बाईंनी सही केली, तारीख घातली, टिंबही दिलं. "आवाज माझा आहे, खोटं बोलणार नाही. पण संमतीचा भाग मी खोडलाय. ही काढू नका. लोक हसतील."

"मग... तीनशे प्रती?"

"त्या दुसऱ्या बाईच्या? त्या काढा की. ती समजून गाते."

"पण तिच्यासाठी सही लागेल. तुमची."

"मी कशी करू?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "मी तिला ओळखत नाही."

तबकडीवाले उठले. पिशवी उचलताना बाईंनी हात पुढे केला. "ती एक इथे राहू द्या. आणि गेल्या वेळचा तो खेळण्यातला बाजाही आणून द्या पुढच्या वेळी. संध्याकाळी कुणीतरी बोलल्यासारखं वाटेल."

तिसऱ्या खिडकीवर कारकुनांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आवाज हयात व्यक्तीचा नाही?"

"नाही."

"मृत व्यक्तीचा?"

"नाही."

"मग कुणाचा?"

"कुणाचाच नाही," तबकडीवाले म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

कारकुनांनी खण उघडला, पाचपासून सातपर्यंत सगळे गठ्ठे चाळले आणि खण लावला. "त्याला नमुना नाही," ते म्हणाले. हे सांगताना त्यांनीही चष्मा काढला होता.

दोनशे नव्याण्णव प्रती पलंगाखाली गेल्या. पलंग एका बाजूने बोटभर उचलला गेला. मोजणीवाल्यांनी येऊन ते मोजलं.

दुपारी घरात कुणी नसल्यासारखं होतं. बायको आत काहीतरी निवडत बसली होती. तबकडीवाल्यांनी थोरलं यंत्र सुरू केलं आणि मूळ रेकॉर्ड लावली. पोर किंचाळत निघाली. त्यांनी कडेला एक बोट टेकवलं, अगदी हलकेच, पाण्याला लावावं तसं. तबकडी जराशी रेंगाळली. अजून जरा दाबलं. कपटा अजून चिकटलेलाच होता. ते मोजत राहिले. एकतीस. एकोणतीस. अठ्ठावीसला ती आली. तीच, विहिरीच्या तळाशी बसलेली.

"अहो," आतून बायकोने विचारलं, "कोण आलंय?"

"कुणी नाही," तबकडीवाले म्हणाले. बोट मात्र त्यांनी उचललं नाही.